फिकट पट्टी, पण आहे!

आज सकाळपासून कोल्ड रूममध्ये होते. बाहेर आले तेव्हा ही बोटं माझीच का, अशी शंका यावी इतकी गारठलेली.

काम तेच, उंदराच्या मेंदूतून निकोटिनिक रिसेप्टर (निकोटिन ज्याला चिकटतं ते पेशीवरचं प्रथिन) वेगळा काढणं. टॉर्पेडो या विजेच्या माशात तो ठासून भरलेला असतो, म्हणून १९७०च्या दशकात लोकांनी तिथूनच सुरुवात केली. मेंदूत मात्र चिमूटभर. त्यात मण्यारीच्या विषातलं अल्फा-बंगारोटॉक्सिन माशातल्या रिसेप्टरला घट्ट धरतं, पण मेंदूत निकोटिन जिथे सर्वांत जास्त चिकटतं त्या अल्फा४-बीटा२ला (अल्फा४ आणि बीटा२ या तुकड्यांनी बनलेल्या रिसेप्टरला) विचारतसुद्धा नाही! म्हणून मग अँटिबॉडीचा कॉलम, म्हणजे रिसेप्टरला धरून ठेवणाऱ्या अँटिबॉडी भरलेली नळी; बाकीचं त्यातून वाहून जातं.

रिसेप्टर पेशीपटलात रुतलेला, त्यामुळे आधी ट्रायटन हा डिटर्जंट घालून सोडवायचा. मी जरा जोरात ढवळलं आणि नळीत नुसता फेस. फेस म्हणजे प्रथिनाची नासाडी, हे मीच ज्युनियर्सना सांगत असते. बर्फात ठेवून फेस बसेपर्यंत गपचूप वाट पाहिली.

त्यात भर म्हणजे कॉलममधून निघालेलं पाणी बेसिनमध्ये ओतणार, इतक्यात हात थांबला. त्याचं मोजमाप करायचं राहिलं होतं. रेडिओलिगँड (रिसेप्टरला चिकटणारा किरणोत्सारी रेणू) लावून पाहिलं तर बराचसा रिसेप्टर कॉलमला न चिकटता त्यातच निघून आलेला! पुन्हा तेच पाणी, पुन्हा तोच कॉलम, यावेळी अगदी सावकाश.

संध्याकाळी ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीत, दोन पट्ट्या दिसल्या. ५० किलोडाल्टन वजनाच्या आसपास बीटा२, वर अल्फा४. अल्फा४ इतकी फिकट की मी फिल्म तीनदा उजेडात धरली. शेजारची म्हणाली, "डाग असेल."

डाग नाहीये. उद्या परत चालवते.