जोर्वे पद्धतीचं तोटीचं भांडं: पाचवा प्रयत्न

मंडळी, पाचवं भांडं परवा भट्टीतून बाहेर आलं आणि यावेळी तोटी शाबूत आहे! आधीच्या चारपैकी तिघांची तोटी मुळाशी तडकली होती, म्हणून हे बघून खरंच इतका आनंद झाला की रात्री दोनदा उठून हातात घेऊन पाहिलं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे, तिथे 1950-51 ला उत्खनन झालं त्यावरून या भांड्यांना नाव पडलं, आणि तशीच भांडी नेवासे, दायमाबाद, इनामगावलाही निघाली. काळ साधारण इ.स.पू. 1400 ते 700. नारिंगी-लाल अंग, त्यावर काळ्या रेघांची नक्षी, खांद्याला धारदार कंगोरा, पसरट तोंड आणि बाजूला नळीसारखी तोटी. भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखं वाजतं असं वाचलं, तेव्हापासून मला हेच करायचंय.

आता तोटीचं. आधी मी चाकावरचं भांडं दोन दिवस वाळू द्यायचे आणि तोटी त्याच दिवशी ताजी वळून चिकटवायचे, म्हणजे एक आटून बसलेलं आणि दुसरं अजून आटायचंय, मग जोड फाटणारच ना. यावेळी दोन्ही एकाच पॉलिथिनमध्ये रात्रभर गुंडाळून ठेवले, सकाळी दोन्हीवर नख सारखंच उमटत होतं, तेव्हा ओरखडे काढून त्याच मातीचा दाट चिखल लावून जोडले आणि मुळाशी बारीक वळी फिरवून दाबली. तोटी पातळ असल्यामुळे आधी वाळते म्हणून तिला एकटीला प्लास्टिकची टोपी घातली, सहा दिवस. आणि हो, तोटीचं टोक भांड्याच्या काठाच्या उंचीला आलंच पाहिजे, नाहीतर पाणी अर्धं भरलं की तोटीतून वाहायला लागतं (दुसऱ्या भांड्याचं तेच झालं होतं).

रंगासाठी टेरा सिजिलाटा, म्हणजे मातीच्या अगदी बारीक कणांचा पातळ लेप. 1 लिटर पाणी, 400 ग्रॅम लाल मातीची पूड, 2 ग्रॅम सोडियम सिलिकेट, ढवळून 24 तास अजिबात हात लावायचा नाही. वरचं पाणी काढून मधला थर बारीक नळीने ओढून घ्यायचा, खालचा गाळ सोडून द्यायचा. माझ्या थराचं 100 मिलीचं वजन 115 ग्रॅमच्या आसपास आलं, तेवढं बरोबर असतं. पूर्ण वाळलेल्या भांड्यावर मऊ ब्रशने तीन हात दिले. ब्रश फिरला की ओली चमक दिसते आणि माती पाणी पिते तशी ती डोळ्यादेखत विझत जाते, ती विझली पण अंग अजून गार लागतंय, नेमक्या त्याच वेळी बोटाला पातळ प्लास्टिक गुंडाळून घासायचं. उशीर झाला तर कितीही घासा, नुसती पावडर निघते.

काळ्या नक्षीने माझा बराच वेळ खाल्ला. ब्लॅक आयर्न ऑक्साइड लावलं तर टेस्ट टाइलवर चक्क लाल-तपकिरी झालं, कारण इलेक्ट्रिक भट्टीत भरपूर हवा मिळते आणि काळं लोखंड परत लाल होतं. शेवटी सिजिलाटात मँगनीज डायऑक्साइड घातलं तेव्हा काळपट रंग टिकला. ही पूड हाताळताना मास्क घालाच, आणि असं भांडं खाण्यापिण्यासाठी वापरू नका.

भाजणी 950 अंशांना. रात्रभर 80-90 वर ठेवलं आणि 573 च्या आसपास अगदी सावकाश नेलं, कारण तिथे मातीतलं क्वार्ट्झ अचानक फुगतं. मागच्या वेळी भाड्याच्या भट्टीवाल्यांनी न विचारता दुसऱ्यांच्या मालाबरोबर 1080 ला नेलं आणि सगळी चमक गेली, फार वाईट वाटलं होतं. आता लिहूनच देते.

निकाल असा की पोट छान चमकतंय, टिचकीचा आवाज बराच चांगला, पण तोटीच्या खाली जिथे बोट पोचत नाही तिथे मॅट राहिलंय. पाणी भरल्यावर दोन तासांत बूड दमट होतं, सिजिलाटा म्हणजे ग्लेझ (पाणी अडवणारा काचेसारखा थर) नव्हे त्यामुळे ते होणारच.

सहाव्याला तोटीच्या मुळाशी माती अर्धवट ओली असतानाच गोट्याने घोटून घेणार आहे. आणि तिरप्या रेघा ओढताना कंगोऱ्यावर ब्रश दरवेळी उडी मारतो, तिथे तुम्ही हात कसा टेकवता? फोटो असला तर टाका प्लीज, माती आज मळून ठेवलीय.