टॅपेटची टकटक थांबली तेव्हा

गाडी आली ती मिसिंगच्या, म्हणजे इंजिन मध्येच ठोका चुकवत असल्याच्या तक्रारीवर. जुनं चार सिलिंडरचं कार्ब्युरेटर इंजिन, बिडाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण, यातच व्हॉल्व्ह असतात), कॉम्प्रेशन रेशो 8.5. मालक मात्र एका गोष्टीवर खूश होते. म्हणाले, ‘पेट्रोलमध्ये ऑक्टेन बूस्टर टाकायला लागलो आणि टॅपेटची टकटक थांबली बघा.’ ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण धोक्याची खूण तीच होती.

प्लग काढले तर चारींच्या पोर्सिलेनवर विटकरी थर. धातूवाल्या बूस्टरची ही खूण. नवे प्लग घालून पाहिले, मिसिंग तसंच. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं: तीन सिलिंडरना 150 पीएसआयच्या आसपास, दोन नंबरच्याला 85. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर काटा वर गेला असता. तो जागचा हलला नाही, म्हणजे संशय व्हॉल्व्हवर. थंड इंजिनाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा टॅपेट यांच्यात 0.30 मिमी गॅप हवी, टकटक येते ती याच फटीतून. दुसऱ्या सिलिंडरला फिलर गेजची 0.05 ची पातीसुद्धा शिरेना.

पूर्वी पेट्रोलमधल्या शिशाचा बारीक थर सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो त्या कडेवर, बसायचा. शिसं गेलं, तसा तापलेला व्हॉल्व्ह साध्या बिडाच्या सीटला किंचित चिकटायला लागला, आणि सुटताना बिडाचे कण उपटायला लागला. सीट खोल जाते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकतो, गॅप बुजते आणि टकटक थांबते. पुढे व्हॉल्व्ह नीट मिटतच नाही. त्याची बरीचशी उष्णता सीटवाटे बाहेर पडते, ती वाट बंद झाली की कड जळते. हेड उतरवलं तेव्हा दुसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढी खाच होती.

ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला, म्हणजे दाबाखाली अवेळी आपोआप पेटण्याला, दाद न देण्याची पेट्रोलची क्षमता. सीटशी त्याचा संबंध नाही, आणि 8.5 च्या इंजिनाला कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जास्त ऑक्टेन पाजून काहीच मिळत नाही. बाटलीवर मोघम ‘जुन्या इंजिनांसाठी’ छापून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सीटसाठी पोटॅशियम किंवा फॉस्फरसचं वेगळं ॲडिटिव्ह मिळतं. ते लिटरमागे मोजून टाकायचं आणि दोन प्रकार कधी एकत्र करायचे नाहीत. पण खचलेली सीट तेही भरून काढत नाही.

चारही एक्झॉस्ट सीट खोदून कडक धातूची इन्सर्ट (सीटची वेगळी कडी) बसवली. इन्सर्ट भोकापेक्षा 0.08 मिमी मोठी ठेवली. हेड तापवलं, इन्सर्ट फ्रीझरमध्ये गार केली, तेव्हा ती एका दमात बसली. नवे व्हॉल्व्ह सलग करडी पट्टी उमटेपर्यंत सीटवर घासून लॅप केले. आता सीटसाठी काहीही टाकायची गरज नाही.

पेट्रोलचा पाइप कापला तर आतलं रबर फुगलेलं, बोटाला काळं लागत होतं. हे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचं काम. इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लोरो-रबरचं अस्तर असलेला पाइप घातला. शिवाय पेट्रोलला वजनाच्या 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. कार्ब्युरेटर ते आपणहून जुळवून घेत नाही, मिश्रण पातळ पडतं (हवा जास्त, इंधन कमी), पिकअप अडखळतो. म्हणून इंधन सोडणारा मेन जेट एक नंबर मोठा घातला.

गाडीच्या जुन्या सर्व्हिस कार्डावर तीनदा ‘टॅपेट सेट केले’ एवढंच लिहिलंय. सेट करण्याआधीची गॅप एकदाही नाही. दर वेळी एकाच सिलिंडरची गॅप बुजत होती का, हे त्या तीन आकड्यांनी वेळेवर सांगितलं असतं. आता आठही व्हॉल्व्हची गॅप कार्डावर लिहून दिली आहे. 1000 किलोमीटरला पुन्हा मोजायची, आणि पाना लावायच्या आधी.