टेक्ससच्या २५४ काउंट्या आणि एका आकड्यापायी गेलेले तीन आठवडे

आमचा ग्रुप टेक्ससच्या कॉलिन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) मतदार नोंदणीचं टेबल लावतो. इथे नोंदणी करून घेणाऱ्याला प्रत्येक काउंटीची वेगळी नेमणूक लागते, म्हणून आधी ठरवायचं होतं की अजून कुठल्या काउंट्यांत जायचं, आणि तो तक्ता करायचं काम मी घेतलं.

२०२० च्या जनगणनेतले १८ वर्षांवरच्यांचे आकडे लगेच मिळाले. राज्यात २ कोटी ९१ लाख लोक, त्यातले जवळपास २ कोटी १९ लाख सज्ञान. हॅरिस काउंटीत ४७ लाख माणसं तर लव्हिंगमध्ये सगळी मिळून ६४! सीमेवरच्या वेब, हिडाल्गोत पोरंटोरं भरपूर, तीनात जवळपास एक जण अठराच्या आतला, आणि लानोत रिटायर्ड मंडळी जास्त.

मग नोंदणी न झालेले किती ते काढायला सज्ञानांतून नोंदलेले मतदार वजा केले आणि अडकले. मोठ्या शहरांच्या काउंट्यांत इतकी मोठी तफावत की पटेचना. एका काउंटीच्या ऑफिसला फोन केला, त्यांनी ईमेल करा म्हटलं, ईमेल केला तर फॉर्म भरा, फॉर्म भरला तर तीन आठवडे काही नाही, आणि शेवटी उत्तर काय तर "मतदानाच्या वयाची लोकसंख्या" म्हणून तोच आकडा परत पाठवला. इतका संताप झाला! मला विचारायचं होतं त्यात कोण कोण धरलंय, ते एका ओळीत सांगता आलं असतं.

कोडं सुटलं ते घरीच. २०२० चा जनगणनेचा फॉर्म मीच भरला होता, तेव्हा आम्ही दोघं एच-वन-बी व्हिसावर, नागरिक नव्हतो. म्हणजे त्या रकान्यात मी आहे, माझा नवरा आहे, आमच्यासारखे हजारो आहेत, वय मतदानाचं पण मत नाही! गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा कुठे मला मत मिळालं, त्यामुळे हा फरक माझ्यासाठी नुसता आकड्यांचा नाहीये.

तर तुम्ही असा तक्ता करणार असाल तर सज्ञान नागरिकांची वेगळी फाइल घ्या, सेन्सस ब्युरो दरवर्षी काढतं. त्यात प्रत्येक काउंटीच्या १३ ओळी असतात, वंशवार वगैरे, फक्त 'टोटल'ची ओळ ठेवायची. मी सगळ्या बेरजेत घेतल्या आणि एक अख्खी संध्याकाळ गेली. हे आकडे पाच वर्षांच्या सर्व्हेचे अंदाज आहेत, अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो (मार्जिन ऑफ एरर) ते शेजारी दिलेलं असतं, छोट्या काउंट्यांत ते नक्की बघा.

हो, तुरुंगांचं राहिलंच. हंट्सव्हिलच्या तुरुंगांमुळे वॉकर काउंटीत कैदी खूप, ते तिथलेच रहिवासी धरतात, पण फेलनीची (गंभीर गुन्ह्याची) शिक्षा पॅरोलसकट पूर्ण होईपर्यंत टेक्ससमध्ये मत देता येत नाही. नागरिकांच्या फाइलीतही ते असतातच, त्यामुळे तिथली तफावत बघून लगेच टेबल घेऊन निघू नका.