आपल्या परिपाठाप्रमाणे

इस्रायलमधली, येशूच्या नासरेथ गावाहून गालील सरोवराकाठच्या कफर्णहूमपर्यंतची पायवाट साधारण ६५ किलोमीटरची, चार दिवसांत चालून होते. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचे अध्याय सोळा, म्हणजे दिवसाला चार. निघण्याआधीच मी हा हिशेब मांडून ठेवला होता. कित्येक वर्षं माझा शांत समय, म्हणजे रोजचं बायबलवाचन आणि प्रार्थना, असाच चालला होता. बायबलचे ११८९ अध्याय वर्षभरात वाटून घ्यायचे, रोज तीन-चार वाचायचे आणि तक्त्यावर खूण करायची. खूण कधी चुकली नाही. पण प्रार्थनेला गुडघे टेकले की आत कोरडं ठणठणीत, आणि हे कुणाजवळ बोलायला जीभ रेटत नव्हती.

पहिल्या दिवशी नासरेथच्या जुन्या वस्तीतून पायऱ्याच पायऱ्या चढून डोंगरमाथ्यावर आलो. पांढऱ्या-नारिंगी पट्ट्यांच्या खुणा बघत संध्याकाळी काना गाव गाठलं तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या. तरी मी चार अध्याय संपवले. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक काकू शेजारी पाय चोळत बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "आज काय वाचलंस गं?"

मला एक वाक्य धड सांगता येईना. पेरणाऱ्याचा दाखला मी अर्ध्या तासापूर्वीच वाचला होता. वाटेवर पडलेलं बी पाखरांनी खाऊन टाकलं, हे मी वाचलं होतं आणि तेच माझ्या बाबतीत घडलं होतं. डोळे भरून आले.

"काकू, तुम्ही?"

"मी अजून नासरेथच्या सभास्थानातच आहे बघ."

सकाळी निघताना त्यांनी लूकच्या चौथ्या अध्यायातला तेवढाच भाग वाचला होता, आणि दिवसभर तोच मनात घोळवत चालल्या होत्या. त्या रात्री तो त्यांनी मला वाचून दाखवला. प्रभू येशू आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात, त्यांच्या प्रार्थनागृहात, गेला. 'परिपाठाप्रमाणे' या शब्दावर त्या थांबल्या. देवाच्या पुत्रालाही परिपाठ होता! मग त्याच्या हाती यशया संदेष्ट्याचा ग्रंथपट, म्हणजे गुंडाळी केलेलं पुस्तक, दिला, त्याने तो उघडला आणि जे लिहिलं होतं ती जागा त्याला सापडली.

"कशी सापडली असेल?" काकू म्हणाल्या.

हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. अध्यायांचे आकडे तर तेराव्या शतकातले. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत १९४७ साली मिळालेला यशयाचा ग्रंथपट सात मीटरहून लांब आहे, ५४ स्तंभांचा, आणि ही जागा पार शेवटाकडे. इकडून सोडत, तिकडून गुंडाळत नेमक्या ओळीवर यायचं, तर तो मजकूर आधी हाडीमासी खिळलेला हवा. आणि वाचतानाही तो वाक्याच्या मध्येच थांबला. प्रसादाचं वर्ष वाचलं. पुढचे शब्द सूड घेण्याच्या दिवसाचे आहेत, त्याआधीच त्याने ग्रंथपट गुंडाळून परत दिला. इतक्या वर्षांत हे मला दिसलं नव्हतं. मी तक्ता बॅगेच्या तळाशी ठेवून दिला.

दुसरा दिवस शेतं आणि झाडीतून गेला. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, ऊन मात्र खूप होतं.

तिसऱ्या दिवशी अर्बेलचा कडा उतरायचा होता. खडकात लोखंडी कड्या आणि तारदोर ठोकलेले आहेत. दोन्ही हात गुंतलेले, पुस्तक पाठीवरच्या बॅगेत. माझ्या पुढे काकू यशयाच्या त्याच जागेतले शब्द पुटपुटत उतरत होत्या, "भग्नहृदयी लोकांना पट्टी बांधायला... पट्टी बांधायला..." मी कडी धरली, पाय टेकला आणि त्यांच्यामागून तेच म्हणू लागले. तिसऱ्या-चौथ्या वेळेला कळलं, हे माझ्याबद्दल आहे. इतकी वर्षं जे कुणाला दाखवलं नव्हतं, ते उघडं पडलं होतं आणि त्यावर कुणीतरी हळुवार पट्टी गुंडाळत होतं.

खालच्या दरीचं अरबी नाव वादी हमाम, म्हणजे कबुतरांची दरी. तिथं सावलीत बसल्यावर पाळकांनी सांगितलं, की बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रात जिथे आपण 'मनन' म्हणतो, तिथला हिब्रू शब्द ओठांतल्या ओठांत पुटपुटण्याचा आहे. यशयाच्या ३८ व्या अध्यायात पारव्याच्या घुमण्यालाही तोच शब्द आलाय. मी समजत होते, मनन म्हणजे डोळे मिटून गप्प बसणं, आणि ते मला कधी जमायचं नाही.

कफर्णहूमला पोचलो चौथ्या दिवशी. गालीलचं सरोवर समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली आहे, हवा जड वाटते. जुन्या सभास्थानाचे पांढरे दगड काळ्या बसाल्टच्या पायावर उभे आहेत. त्या पायाच्या दगडावर मी बराच वेळ हात ठेवून उभी होते.

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उठले. मार्क पुन्हा पहिल्यापासून सुरू केला होता, आणि याच गावातली ती पहाट आली. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं, तरी येशू अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेला. त्याचा शिष्य शिमोन त्याच्या मागोमाग येतो आणि सांगतो, सगळे लोक तुम्हाला शोधत आहेत. चार ओळी. टॉर्चच्या उजेडात मी त्या पुटपुटत राहिले. पलीकडचे डोंगर हळूहळू दिसू लागले. काकू येऊन शेजारी बसल्या. त्यांनी काही विचारायच्या आतच मी म्हणाले, "काकू, ऐका ना."