पंचवीस मिलिमीटर

आर्किटेक्ट बाईंनी नकाशावर जुनं घर आणि नवीन दोन खोल्या यांच्यामध्ये एक रेघ ओढली. बाजूला लिहिलं, '२५ मिमी'.

आजोबांनी चष्मा वर सरकवला. "घर वाढवायला बोलावलंय तुम्हाला, फट पाडायला नाही!"

आजोबांचं बरोबरच वाटतं ना? पण जुना पाया आपलं बसणं कधीच उरकून बसलाय. नवा पाया भार आला की थोडा खचणारच, काळ्या मातीत तर जास्तच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. जुन्या भिंतीत सळया ठोकून दोन्ही जखडलं, की तडा कुठे जायचा ते तडाच ठरवतो. मग दर दिवाळीला पुट्टी.

म्हणून मध्ये ही फट, जुनं-नवं आपापलं हलायला मोकळं. पण आधी जुन्या पायाशेजारी खड्डा घेऊन तो किती खोल गेलाय ते बघायचं. नव्याचं खोदकाम जुन्याच्या खाली न्यायचं नाही. न्यावंच लागलं तर तुकड्या-तुकड्यानं, एकदम चर मारून नाही. फटीत थर्माकोल, वरून लवचीक सीलंट, त्यावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. पट्टीचे स्क्रू एकाच बाजूला! दोन्हीकडे मारले की ती वाकते. फरशीतही फट तिथेच सोडायची. गच्चीवर दोन्ही बाजूंना बुटका कठडा, वर झाकण. गळतं ते इथूनच.

टाइल्सच्या अंदाजपत्रकाला दोन पानं असतात. या जोडाला बहुतेक वेळा एक ओळही नसते.

आजोबांनी सगळं ऐकलं, मान डोलावली. मग हळूच, "आणि झुरळं?"