काजूवरून बागेत जुंपली

फोंड्याकडे एका मसाल्याच्या बागेत गाईड आहे मी, रोज तीच मिरी तीच वेलची, बोलून बोलून तोंड दुखतं. पण एप्रिलमधल्या एका ग्रुपने जाम मजा आणली. एक केरळचे अंकल, एक ब्राझीलचं जोडपं आणि बाकी सगळे इंग्लंडचे.

काजूच्या झाडाखाली आलो आणि अंकल सुरू, म्हणे इंग्लिशमधला कॅशू हा शब्द आमचा, पूर्वी एका काशाला, म्हणजे एका जुन्या नाण्याला, आठ बिया मिळायच्या म्हणून 'कासिनु एट्टु', त्याचंच पुढे कॅशू झालं. गोष्ट भारीच आहे, गोऱ्यांनी लगेच मोबाईलवर टिपून पण घेतली. ब्राझीलची बाई मात्र हसायला लागली, म्हणाली हा तर आमचा काझू, झाडही आमचं आणि नावही आमच्या तुपी आदिवासींचं, अकाजू! अंकल तापले.

आता पंचगिरी माझ्याकडे आली. बाईच बरोबर होती. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात झाड इकडे आणलं, नाव त्याच्यासोबतच आलं. वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली शास्त्रीय नाव दिलं तेही ऍनाकार्डियम ऑक्सिडेंटाले, म्हणजे पश्चिमेकडचं. आपल्याला वाटतं इंग्रजांनी आपल्या काजूचं कॅशू केलं, पण तसं नाही, दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेत, सख्खी भावंडं म्हणा. फ्रेंचांनी तर कहरच केला, त्यांच्याकडे अकाजू म्हणजे महोगनीचं लाकूड!

खरी गंमत पुढेच. बागेतल्या मामांनी एक पिकलेला बोंडू तोडून पिळला, रस कोपरापर्यंत ओघळला, आणि बाई ओरडली, हाच काझू! त्यांच्याकडे काझू म्हटलं की आधी हे फळ, त्याचा ज्यूस, बी म्हणजे काझूची कास्तान्या. इंग्लिशमध्ये नेमकं उलटं, कॅशू म्हणजे बी आणि फळाला बिचाऱ्याला कॅशू ॲपल म्हणायचं. आपलं बरंय, बोंडू वेगळा काजू वेगळा.

एवढ्यात एका गोऱ्या पोराने ओली बी थेट तोंडात घालायला घेतली, मामांनी झडप घालून मनगट धरलं म्हणून वाचला, टरफलातलं तेल ओठाला लागलं असतं तर फोडच आले असते. तिथून सगळे हुर्राक, म्हणजे बोंडूच्या रसाची दारू, चाखायला भाटीवर गेले आणि वाद तिथेच विरला.

अंकल सोडून. ते बसमध्ये चढतानाही शेजारच्याला एट्टु, एट्टु असं बोटांवर मोजून दाखवत होते.