अनुपस्थित रकान्यातली सात पोरं

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात दिवाळी सरली की गावं निम्मी होतात. मुकादमाची उचल घेतलेली माणसं ट्रॅक्टरवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मागं म्हातारी माणसं राहतात, आणि ज्यांना सांभाळायला आजी-आजोबा आहेत अशी पोरं. बाकीची पोरं आईबापांसोबत फडात. बीड जिल्ह्यातल्या अशाच गावांच्या शाळा माझ्या केंद्रात येतात. मी केंद्रप्रमुख.

एप्रिलची संकलित चाचणी होऊन गुण भरले गेले आणि निकालावर तालुक्याची आढावा बैठक लागली. पडद्यावर शाळांची यादी होती. जुलैतल्या पायाभूत चाचणीची सरासरी, एप्रिलच्या संकलित चाचणीची सरासरी आणि दोन्हींतला फरक. फरक मोठा तर हिरवा रंग, लहान तर लाल. माझ्या केंद्रातली एक शाळा वरच्या हिरव्यांत होती: तिसरीची भाषेची सरासरी 46 टक्क्यांवरून 57. गुरुजींना उभं करून टाळ्या झाल्या. शेजारच्या गावची शाळा लालमध्ये. 44 वरून 49. तिथल्या मॅडमना साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वर्षभर काय केलं?" खुलाशाची नोटीस तिथंच हातात पडली.

मॅडम काही बोलल्या नाहीत. मला मात्र बसवेना, कारण त्यांनी वर्षभर काय केलं ते मी पाहिलं होतं. शाळा व्यवस्थापन समितीला मागं लागून त्यांनी हंगामी वसतिगृह वेळेत सुरू करवलं होतं. ऑक्टोबरातच घरोघरी फिरून आयांना गळ घातली होती, की पोराला नेऊ नका, आजीपाशी ठेवा, सकाळ-संध्याकाळचं जेवण आम्ही बघतो. तिसरीतलं एकही मूल त्यांनी फडात जाऊ दिलं नव्हतं.

चहाच्या सुट्टीत टाळ्या मिळालेले गुरुजीच माझ्याकडं आले. माणूस सरळ. म्हणाले, "सर, माझी सात पोरं अजून आलेली नाहीत. कारखान्याचा पट्टाच पडला नाही, हंगाम अजून चालूच आहे."

तिथंच व्हरांड्यात बसून आम्ही त्यांच्या मोबाइलवरची नावनिशी यादी काढली. जुलैत तिसरीत अठरा मुलं होती. एप्रिलमध्ये पेपर दिला अकरा जणांनी. उरलेल्या सातांपुढं 'अनुपस्थित', आणि अनुपस्थित मूल सरासरीत धरलं जात नाही. मग मी फक्त त्या अकरा जणांचे जुलैचे गुण वेगळे काढले. सरासरी आली 55. म्हणजे हजर पोरं 55 वरून 57 वर गेली होती. बाकी सगळी वाढ सात पोरं यादीतून गळाल्यानं आली होती. जुलैत त्यांची सरासरी बत्तिसाच्या आसपास होती. दरवर्षी पाच-सहा महिने शाळा बुडवणारं मूल वाचनात मागं पडणारच.

मॅडमच्या वर्गात जुलैला जी वीस मुलं होती, तीच वीस एप्रिलला होती. पाच टक्क्यांची वाढ सगळ्यांची मिळून होती, त्यात आईबापांविना राहिलेली आठ पोरंही आली.

यावरून लगेच 'चाचण्याच बंद करा' म्हणणाऱ्यांतला मी नाही. शिक्षक मित्रांना हे आवडत नाही, पण सरकारी शाळेनं हिशेब दिलाच पाहिजे. आपलेच पेपर आपणच तपासायचे आणि आपणच गुण भरायचे, यातही मला खोट दिसते. माझं भांडण फक्त वजाबाकी कशातून काय करायची याच्याशी आहे. जुलैचा एक घोळका आणि एप्रिलचा दुसरा घोळका यांची वजाबाकी म्हणजे प्रगती नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या 24 व्या कलमात शिक्षकाचं कर्तव्य सांगितलंय ते प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून त्याला लागेल ती जादा मदत करण्याचं. तिथं सरासरी हा शब्द नाही. मुलांना वाचता-गणित करता येतं का हे पाहणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाची माणसं 2005 पासून शाळेत न बसता घरोघरी जाऊन एकेका मुलापुढं उतारा धरतात, ते याचसाठी: हजेरीपटावर भरवसा ठेवला की नेमकं ज्याला येत नाही तेच मूल निसटतं.

दुपारी कागद घेऊन साहेबांकडं गेलो. त्यांनी आकडे नीट पाहिले, पुन्हा एकदा पाहिले. पटले त्यांना, असं मला वाटतं. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण वरून आलेल्या तक्त्यात असा रकाना नाही. मी कुठं भरू?" नोटीस काही मागं घेतली नाही. खुलासा मात्र जोडपत्रासह स्वीकारू म्हणाले.

तो खुलासा मी आणि मॅडमनी मिळून लिहिला. वीस मुलांची नावं, जुलैचे गुण, एप्रिलचे गुण, आणि कुणाचे आईबाप कोणत्या महिन्यात गेले ते. पंचायत समितीत आवक क्रमांक पडला. उत्तर आलं नाही. तेव्हापासून केंद्रातल्या सगळ्या शाळांचं असं नावनिशी रजिस्टर मी ठेवतो. ते कुणी मागत नाही.

जूनमध्ये सातही पोरं परत आली. पुढच्या पायाभूत चाचणीला ती चौथीच्या वर्गात हजर होती, आणि गुरुजींच्या शाळेची सरासरी घसरली. आता नोटीस त्यांना आली आहे. ती घेऊन ते परवा माझ्याकडं आले होते. रजिस्टर उघडून आम्ही खुलासा लिहायला बसलो.